वस्तऱ्याची नवी मूठ

जवसाच्या तेलाचा वास आला की मला कन्हेरीतलं वडिलांचं दाढी-कटिंगचं दुकान आठवतं. आजोबांपासून चालत आलेल्या वस्तऱ्याची शिंगाची मूठ तडकली होती, आतलं रिवेट गंजून पातं डुगडुगत होतं. "ह्यो आता गिऱ्हाइकाला लावायचा न्हाय," म्हणत वडिलांनी तो कापडात गुंडाळून ठेवला. मी तेव्हा एमआयडीसीत नुकतीच फिटर म्हणून लागले होते. सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून मी जुनं रिवेट ठोकून काढलं, पात्याचा गंज बारीक पॉलिश पेपरनं घासला, शिसवीची मूठ घडवली आणि पितळी रिवेट बसवलं. पुन्हा गंज धरू नये म्हणून पात्याला मशीनचं तेल लावलं, लाकडात जवसाचं तेल मुरवलं. वडिलांनी वस्तरा उघडला, मिटला, चामड्याच्या पट्ट्यावर परजला आणि दुकानात गिऱ्हाइकांदेखत तो माझ्या हातात देऊन ते स्वतःच खुर्चीत बसले. "आबा, मला न्हाय जमायचं," मी म्हणाले. "मूठ तू बसवलीस न्हवं? मग तूच चालव," म्हणून त्यांनी साबण लावलेली मान मागं टाकली आणि डोळे मिटले. मी त्यांची दाढी केली. पातं मुठीत जरासुद्धा डुगडुगलं नाही, कुठं ओरखडा आला नाही. आजही कारखान्यात माझं काम रोज तपासलं जातं. पण असं गळा पुढं करून अजून कुणी तपासलेलं नाही.