हँडल मी ओढलं होतं

स्की-फील्डची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडच्या बर्फात जायला माझा पहिल्यापासून विरोध होता. स्की-फील्डवर आखून दिलेल्या उतारांवरून मी आनंदाने घसरते, पडते, उठते आणि वर जाऊन हॉट चॉकलेट पिते. माझी हौस तेवढ्यात भागते. नवऱ्याची भागत नाही. त्याला एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला की तो ती सोडून देत नाही, जास्त अवघड करून करतो. जिथे लिफ्ट नाही, गस्त नाही, तिथे स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं. हे एकट्याने करायचं नसतं, म्हणून मग माझी वर्णी लागली.

एकट्याने का करायचं नसतं, ते आम्हाला शिकवलं गेलं होतं. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर हेलिकॉप्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो. वाचवतो तो बरोबरचा माणूस. छातीला बांधलेलं बीकन सिग्नल देत राहतं, बरोबरच्याने आपलं बीकन शोधण्यावर टाकायचं, सिग्नल जोरात लागेल तिथे लांब सळई खुपसायची आणि फावड्याने खणत सुटायचं. यंत्रं सगळी चांगली आहेत. पण माझं यंत्र मला काही कामाचं नाही, ते त्याच्यासाठी आहे. माझा जीव त्याच्या हातात आणि त्याचा माझ्या, असा हा सगळा कारभार.

मी नर्स आहे. गुदमरलेली माणसं मी रोज बघते, त्यामुळे मला नुसत्या बीकनवर समाधान नव्हतं. मी अट घातली की एअरबॅग असेल तरच येईन. ही पाठीवरची सॅक असते, आत दाबून भरलेल्या हवेचा सिलेंडर. खांद्याच्या पट्ट्यावरचं हँडल ओढलं की क्षणात डोक्यामागे मोठा फुगा फुगतो आणि वाहत्या बर्फात माणूस वरच्या वर राहण्याची शक्यता वाढते. त्याला स्वतःला नको होती, वजन होतं म्हणे. माझ्यासाठी मात्र त्याने कौतुकाने आणली. मी सुखावले, खोटं कशाला सांगू.

त्या हिवाळ्यात आम्ही वेलिंग्टनहून विमानाने क्वीन्सटाउनला आणि तिथून गाडीने डोंगरातल्या वानाका गावाला गेलो. सामान त्याने भरलं, सॅक त्याने आवरली. वॉर्डमधला ऑक्सिजनचा सिलेंडर मी स्वतः काटा बघितल्याशिवाय पेशंटजवळ नेत नाही. पण घरच्या माणसाने भरलेल्या सॅकमध्ये कोण डोकावून बघतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही एका खिंडीवर चढलो. सकाळी गाडीपाशी एकमेकांची बीकन्स तपासली, ती नेहमीची रीत. वर ऊन होतं, वारा नव्हता, आणि समोरचा उतार मला अजिबात आवडला नव्हता. वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ तिथे गादीसारखा फुगला होता. मी म्हटलं, “इथून नको, आपण आलो त्याच वाटेने उतरू.”

“अगं, बॅग आहे ना पाठीवर,” तो म्हणाला. “मला भीती वाटायला हवी, तुला कसली?”

मी हसले आणि उतरले.

चार वळणं झाली असतील. पायाखालून सगळंच निघालं. मोठं काही नव्हतं, पण बर्फ गुडघ्याला लागला, कमरेला लागला आणि मला घेऊन चालला. मी हँडल ओढलं. कट्ट असा आवाज झाला, बाकी काही नाही. पुन्हा ओढलं. खाली एक सपाट पट्टा होता, तिथे ते सगळं थांबलं. मी कमरेपर्यंत रुतलेली, एक स्की गायब. थोडा मोठा लोट असता तर हे मी लिहीत बसले नसते.

तो तीरासारखा खाली आला. पांढराफटक पडला होता. फावडं काढून भराभर खणायला लागला, डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, “बॅग फुगली नाही रे.”

माझे पाय मोकळे करता करता तो म्हणाला, “नीट ओढलं नाहीस तू. अर्धंच ओढलंस. होतं असं पॅनिकमध्ये.”

आणि मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तो मला बर्फातून काढत होता.

नंतरचे कित्येक महिने आठवले की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या आमच्या घरात सोफ्यावर बसून तो मला हँडल ओढायला शिकवायचा. सॅक माझ्या पाठीवर, सिलेंडर काढून ठेवलेला. “कोपर खाली. खांद्यातून ओढ. पुन्हा.” मी मुकाट्याने ओढायचे. मनगटात जोर यावा म्हणून डबा खाताना रबरी चेंडू दाबत बसायचे. वॉर्डमध्ये मैत्रिणी चिडवायच्या, मीही त्यांच्याबरोबर हसायचे. मित्रांमध्ये तो हा किस्सा रंगवून सांगायचा. “नर्सबाई दुसऱ्यांचे जीव वाचवतात, स्वतःच्या वेळी हात चालेना!” मी खाली मान घालून भजी वाढायचे. आपण ऐन वेळेला कच खातो, हे मी स्वतःबद्दल मान्य करून टाकलं होतं. वॉर्डमध्ये कुणाचं हृदय बंद पडलं की धावताना मनात यायचं, आता हात चालेल ना?

एप्रिलमध्ये जयंतीचं जेवण होतं. इथली आमची सगळी मंडळी हॉलमध्ये जमतात, वंदना होते, मुलांची भाषणं होतात, मग पंगत. मी खिरीचं पातेलं घेऊन वाढत होते. नवऱ्याच्या ऑफिसातला एक नवखा मुलगा नुकताच स्कीइंगच्या नादी लागला होता. त्याने विचारलं, “दादा, एअरबॅगचा सिलेंडर फ्लाइटमध्ये कसा नेता? अलाउड आहे का?”

शहाणपणा पाजळायची संधी नवऱ्याने आजवर सोडलेली नाही. “एअरलाइनला आधी विचारावं लागतं रे, हेडेक नुसता. मी गेल्या वर्षी विसरलोच. मग काय, आदल्या दिवशी गॅरेजमध्ये सगळी हवा सोडून दिली. रिकामा न्यायचा, तिथे दुकानात भरून घ्यायचा. स्वीट अॅज, काही प्रॉब्लेमच नाही.”

“लगेच देतात भरून?”

“देतात की. पण हीप्स गर्दी होती, आणि बाहेर काय ऊन पडलं होतं! म्हटलं, जाऊ दे, एवढं काही होत ना...”

तिथे तो थांबला, कारण त्याने वर बघितलं. मी त्याच्या पानासमोर उभी होते, हातात पळी. कुणालाही काही कळलं नाही. मी त्याच्या वाटीत खीर वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले. शेवटच्या माणसापर्यंत वाढलं. हात अजिबात थरथरला नाही, हे माझं मलाच जाणवलं.

घरी जाताना गाडी तो चालवत होता. बाजूला समुद्र, दुपारचं ऊन. तोच म्हणाला, “तुला टेन्शन नको म्हणून बोललो नव्हतो. कळलं असतं तर तू आलीच नसतीस.”

“नसतेच आले.”

“तेच तर.”

“तेच तर म्हणजे? ते मी ठरवायचं होतं!” मी इतक्या जोरात ओरडले की त्याने गाडी बाजूला घेतली. मी ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. सिलेंडर भरायचा राहिला, ते एक वेळ मी गिळलं असतं, माणूस विसरतो, माणूस आळस करतो. पण वरून “बॅग आहे ना” म्हणून मला त्या उतारावर ढकललंस. खाली मला खणून काढताना, मी जिवंत सापडले म्हणून रडत असताना, त्याच तोंडाने खोटं बोललास. आणि नंतर कित्येक महिने मला कोपर खाली घ्यायला शिकवत बसलास. तो सॉरी म्हणाला, मग पुन्हा म्हणाला. लाज वाटत होती म्हणाला, एकदा बोलून गेल्यावर मागे फिरता येईना म्हणाला. मला ते कळत होतं. कळून राग कमी होत नव्हता.

शेवटी मी ओरडायची थांबले. एकच गोष्ट विचारायची उरली होती.

“मी त्या दिवशी गेले असते,” मी म्हटलं, “तर माझ्या आईला फोनवर काय सांगितलं असतंस?”

बाजूने गाड्या जात होत्या. मला वाटलं आता तरी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल, आणि खरं सांगते, माझी तीच इच्छा होती.

“हेच,” तो म्हणाला. “की तू हँडल ओढलं नाहीस.”