पंजाबरावांचा चंदनी आठवडा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत पंजाबराव खापरे मरोद्याजवळच्या एका दवाखान्यात रोग्यांची थुंकी तपासायचे. वय अठ्ठावीस, नोकरी पक्की, तब्येत ठणठणीत. लग्न मात्र जमेना. दोष एकच, वासाचा. क्षयाचे जंतू मेणचट अंगाचे, रंग सहजी आत घेत नाहीत. म्हणून लाल रंगात कार्बोलिक ॲसिड मिसळायचं आणि थुंकी पसरलेली काच खालून तापवायची. मग रंग जंतूंच्या अंगात शिरायचा आणि कार्बोलिकचा वास पंजाबरावांच्या. पाहायला गेले तेव्हा तीन मुलींनी पदर नाकाला लावला होता.

चौथी कमलिनी, बोरसीच्या रेल्वेगार्ड दौलतरावांची लेक. रविवारी पाहायला जायचं ठरलं. सोमवारी पंजाबरावांनी नवा रंग केला तो कार्बोलिक न घालता. "लाल तं दिसते न, बस झालं," अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर रोज दोनदा चंदनी साबणाने आंघोळ.

आठवडाभर दवाखान्यात आनंदीआनंद. एकाही काचेवर लाल जंतू नाही, मागाहून द्यायच्या निळ्या रंगाने सगळं निळंशार! सिमेंटची धूळ झटकत डॉक्टर म्हणाले, भिलाईची हवा सुधारली. दोन महिने खोकणारे दौलतरावही निर्धास्त झाले. त्यांची थुंकी तर होणाऱ्या जावयानेच तपासली होती.

रविवारी कमलिनीची आई अंजनाबाई हळूच हुंगून खूश झाल्या. पोह्यांची बशी पुढे आली. तेवढ्यात दौलतराव खोकले आणि रुमालावर रक्ताचा ठिपका उमटला. पंजाबरावांनी हातातला घास बशीत ठेवला. लग्न मोडेल याची भीती वाटलीच, पण हा माणूस मरेल याची जास्त वाटली.

"काकाजी, तुमचा रिपोर्ट खोटा हाये," ते म्हणाले. "वास येऊ नये म्हून मी रंगात कार्बोलिक टाकलंच नाई. हप्त्याभरातल्या साऱ्यायले पुन्हा बोलवा लागन."

अंजनाबाईंनी पोह्यांची बशी उचलून आत नेली.

सोमवारी डॉक्टरांनी पंजाबरावांची बिनपाण्याने केली. कार्बोलिकचा रंग पुन्हा तयार झाला, आणि दौलतरावांच्या काचेवर लाल काड्याच काड्या दिसल्या. औषध सुरू झालं. औषध घ्यायला आलेल्या अंजनाबाईंनी दवाखान्याच्या खिडकीशी पदर नाकाला लावला, तर कमलिनीने तो खाली ओढला.

"नाक कावून झाकतं, आई? हा वास नव्हता तवा बाबाचा रोग लपून होता."

वर्षभराने दौलतराव हिरवी झेंडी घेऊन कामावर गेले आणि लग्नही झालं. अंजनाबाईंनी जावयाला आहेरात चंदनी साबणाची पेटी दिली. कमलिनीने ती उघडू दिली नाही.