मनगटावरची पट्टी

दिवस उलटून गेले तरी मला कळा येईनात. पोटातलं पाणी कमी होत चाललंय, औषध देऊन कळा आणू, सोमवारी भरती व्हा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव, तळ्यावर मासे धरणारं घर. सासूबाई आणि मी सोमवारी सकाळीच चंद्रपूरच्या एका दवाखान्यात हजर झालो. सिस्टरनं मनगटावर एक पट्टी बांधली, 'बसा, बोलावतो' म्हणाली आणि गेली ती गेलीच. सोमवार गेला, मंगळवारही तसाच. एक म्हणे उपाशी राहा, दुसरी म्हणे उपाशी राहायला तुला सांगितलं कोणी? कशासाठी थांबायचं, किती थांबायचं, कोणी धड बोलेना. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. हेही जातं की काय, या धास्तीनं घास उतरत नव्हता. मार्कंड्याच्या महादेवावर तर मी मनातून भडकलेच होते. निघण्याआधी त्याच्या पिंडीवर डोकं टेकून आले होते, आणि हा आपला डोळे मिटून बसलेला! एवढं एक मागितलं, तेही जड झालं का रे तुला, असं त्याला सुनावलं.

बुधवारी सकाळी सासूबाईंचा धीर सुटला. आमच्या घरची रीत अशी, की बाळंतीण अडली तर घरात एकही गाठ ठेवायची नाही. त्यांनी माझी वेणी सोडली, पिशव्यांचे बंद सोडले, गाठोडं मोकळं केलं. मग सासऱ्यांना फोन केला. "गायीचं दावं सोडा, खाटेची दोरी ढिली करा!" पलीकडून सासरे विचारतात, "अन् जाळ्याचं काय करू वं? त्यात तं गाठीच गाठी हायेत!" सासूबाई म्हणाल्या, "मंग पुरं जाळंच नेऊन टाका तळ्यावर!" इतक्या काळजीतही मला हसू फुटलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मनगटाकडे गेली. "हे काऊन बांधून ठेवलं तुले?" म्हणत त्यांनी तीही पट्टी सोडली आणि पिशवीत टाकली. ती कशासाठी होती, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळानं नवी सिस्टर आली. मनगटावर पट्टी होती त्या बायकांना तिनं आत नेलं. मी खाटेच्या कडेला मोकळ्या केसांनी बसलेली, तिला मी कोणाची सोबतीणच वाटले असेन. मला वाटलं, आजही आपला नंबर नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि रडले. महादेवाशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. 'तुला करायचं ते कर, बाबा, मला काही कळत नाही,' एवढंच म्हणाले.

शेजारच्या खाटेवर मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली एक सून होती. तिची सासू, हातात शंखाच्या बांगड्या घातलेली, दोन दिवस आमच्याशी फक्त हसायची. त्या क्षणी ती उठून माझ्याजवळ आली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मा, बच्चा हिलता है ना?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सकाळपासून बाळ नीट हललंच नव्हतं. हे सांगायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली, तशी तिनं मला हाताला धरून सरळ सिस्टरसमोर उभं केलं. "दीदी, पहले इसको देखो."

पोटाला यंत्र लावलं आणि सिस्टरचा चेहरा उतरला. "हिची पट्टी कुठी आहे?" सासूबाईंनी पिशवीतून पट्टी काढली. आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण सिस्टर हळूच म्हणाली, "आमी सांगाले पायजे होतं, माय." मग डॉक्टरीणबाई आल्या. आधीच्या दोन दिवसांत एकामागून एक अडलेल्या बायका आल्या, खोली रिकामी होईना म्हणून तुला थांबवलं, असं त्यांनी समजावून सांगितलं. बाळाचे ठोके मंदावलेत, आता औषधाची वाट पाहता येणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. खरं सांगते, भीती होती तशीच होती, पण कोणीतरी समोर उभं राहून बोललं यानंच मला बळ आलं. बाहेर सासूबाई "माह्याच हातानं घात झाला असता" म्हणून रडत होत्या, असं नंतर कळलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनीही जीव तोडून बाळासाठीच केलं होतं.

लेक झाली. रडली, चांगली खणखणीत रडली! तो आवाज ऐकून मी त्या भोळ्या शंकराला जे जे बोलले होते, ते सगळं मागे घेतलं.

सासूबाई पेढे घेऊन त्या बाईकडे धावल्या, तर खाट रिकामी. तिच्या सुनेचं अवघड झालं म्हणून तिला दुपारीच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. स्वतःची सून अशी अवघडलेली असताना ती माझ्यासाठी उठली होती. ती कशी उठली, कोणी उठवली, यावर मी वाद घालत नाही. रोज दिवा लावते तेव्हा लेक मांडीवर असते. आधी त्या सुनेच्या बाळासाठी मागते, मग माझ्या लेकीसाठी. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. मी नुसतं 'ती' म्हणते. महादेवाला तेवढं पुरतं.