मी यांना ओळखतो

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय सत्तेचाळीस. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. नव्याने रुजू झालेल्या एका मॅडमनी तर पहिल्या दिवशी मला शिपाई समजून फळा पुसायला सांगितला आणि मी तो पुसला. त्याची मला लाज वाटली नाही. जिची वाटते ती गोष्ट वेगळी आहे आणि ती अजून संपलेली नाही.

सकाळी वर्ग आणि अकरापासून वकिलाकडे कारकुनी, असा माझा दिवस. कारकुनी मी तरुणपणापासून करतो. स्टॅम्प पेपर आणायचा, मजकूर टाइप करून घ्यायचा, तारखा सांभाळायच्या, पक्षकाराला नोटरीच्या टेबलापाशी न्यायचं. आमच्या कॉलनीत काळ्या कोटाला फार मान आहे. मला प्रवेश मिळाला तेव्हा बायकोने विहारात पेढे वाटले. वकील होणार म्हणून नाही, शिकतोय म्हणून, असं ती म्हणाली. पण कोटाचं माप तिने मनात केव्हाच घेतलं होतं.

प्रतिज्ञापत्र करायला आलेला माणूस तोच आहे, हे नोटरीला कोणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते, ‘मी यांना व्यक्तिशः ओळखतो.’ तिच्याखाली सही करणारा बहुतेक वेळा वकिलाचा कारकून असतो. मी अशा सह्या किती केल्या ते सांगता येणार नाही. ओळखत मी कोणालाच नव्हतो. माणूस सीबीएस स्टँडवर बसमधून उतरतो, विचारत विचारत आमच्या टेबलापाशी येतो, चहा होतो, सही होते. कोर्टाच्या आवारातले सगळे कारकून असंच करतात. न करणाऱ्या कारकुनाला कोण ठेवील?

वर्गात मसुदा लिहायला शिकवत होते तेव्हा मॅडमनी मला पुढे बोलावलं. “प्रत्यक्षात कसं चालतं ते काकांकडून ऐका.” मी रंगात आलो. बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “पण काका, ओळखत नसलो तर?”

“दारात आला, चहा प्यायला, झाली ओळख,” मी म्हणालो.

वर्ग हसला. मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्यावर इतकी माणसं एकदम हसली नव्हती.

त्याच हिवाळ्यात पिंपळगावच्या पलीकडच्या एका गावातून एक भाऊ आणि एक बाई आले. भावाचं बोलणं गोड होतं. वडील वारले होते आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची होती. बहिणीचं नाव लावू नये, तिची हरकत नाही, असं तिचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. असे कागद आमच्याकडे नेहमीचे. बाईने पदर कपाळाखाली ओढून घेतला होता.

“सही येते ना?” मी विचारलं.

“कुठली सही साहेब! शाळेचं तोंड नाय पाह्यलं तिनं,” भाऊ म्हणाला.

आधारची झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये सगळेच चेहरे सारखे काळे दिसतात. नोटरीने नाव वाचलं तेव्हा बाईने मान वर केली नाही. भावाने कोपर लावल्यावर केली. हे मी पाहिलं. नीट पाहिलं. तरी तिचा अंगठा कागदावर टेकवला आणि खालच्या ओळीवर सही करून आमचा शिक्का मारला. जाताना भावाने द्राक्षांची एक पेटी टेबलाखाली सरकवली. ती मी घरी नेली. “गोड आहेत हो,” बायको म्हणाली.

पुढे शेवटच्या वर्षात आम्हाला कायदेविषयक मदत केंद्रावर बसावं लागतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहून द्यायचे. हे त्या अभ्यासाचंच काम. त्या दिवशी मी आणि वर्गात मला प्रश्न विचारणारी ती मुलगी, अशी आमची पाळी होती. दुपारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला जाणारी. घडांतले खराब मणी कातरून कातरून तिच्या बोटांची टोकं काळसर पडली होती. तिने पिशवीतून एक कागद काढून मुलीसमोर ठेवला.

“तलाठ्याकडं हरकत दिली म्या. तर भाऊ हे दाखवतो. आंगठा कुनाचा हाय ह्यो? मी सातवी शिकलीय. मला सही येती.”

मुलीने कागद वाचला. तळाशी आली आणि थांबली. शिक्का आमच्या ऑफिसचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. बाईने तिची नजर हेरली.

“ही सही तुमची?” बाईने मला विचारलं.

मी मान हलवली.

“मंग तुमी वळखता मला?”

मी तिच्याकडे पाहिलं. पदराखालचा तो दुसरा चेहरा, ते कोपर, सगळं मला लख्ख आठवत होतं. मी म्हणालो, “ताई, रोज इतकी माणसं येतात. आठवत नाही.”

लाज वाटते ती या वाक्याची. सही सवयीने केली होती, हे वाक्य मात्र विचार करून बोललो.

“पर मी तर हितं पयल्यांदाच आलेय,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. चुकीच्या खिडकीत उभं राहिल्यावर माणूस सांगतो तसं ती मला सांगत होती.

मुलगी अर्ज लिहू लागली. मध्येच पेन थांबवून खाली बघतच म्हणाली, “काका, ओळख देणाऱ्याला जबाबासाठी बोलवावं, असं लिहू का?”

तिने मला विचारायची गरज नव्हती. माझ्यापुढे वाट मोकळी ठेवली होती तिने. मी ‘लिही’ म्हणालो. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. एका विशीतल्या मुलीसमोर ‘नको’ म्हणता येईना, इतकंच.

संध्याकाळी वकीलसाहेबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, हसले.

“अरे, मग काय झालं? आपण काय घरोघर फिरून तोंडं पाहायची? सांग, तेव्हा खात्री केली होती, आता चेहरा आठवत नाही. ‘आठवत नाही’ला कोणी काही करू शकत नाही.”

“साहेब, त्या दिवशी आलेली ती बहीण नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं.”

त्यांचं हसू थांबलं. “हे वाक्य बाहेर बोललास तर सनद विसर. आणि इथलं टेबलही. माझा शिक्का आहे त्याच्यावर.”

घरी गेलो. बायको परीक्षेच्या फीबद्दल विचारत होती. मी पुस्तक उघडून बसलो. व्यावसायिक नीतीचा पेपर होता आमचा. त्यात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. हे लिहावंसं वाटत नाही, पण ते खरं आहे.

सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होती. दोन खोल्या, बाहेर बाकडं. भाऊ मला पाहून उठला, हात जोडले. “या साहेब, या. तुमच्याच भरवशावर हाय सगळं.” त्याच्याबरोबर त्याची बायको होती. पदर आज नीट डोक्यावर होता आणि चेहरा उघडा. मी ओळखली तिला. तिनेही मला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बहीण बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एकटीच बसली होती.

सगळ्यांना आत बोलावलं. अधिकारी तरुण होते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “सही तुमची?”

“हो.”

“या बाईंना ओळखता?” त्यांनी बहिणीकडे बोट केलं.

भाऊ मध्येच म्हणाला, “गर्दीत कुठं आठवतंय सायेब त्यांना! रोज शंभर लोक.”

“तुम्हाला नाही विचारलं.”

त्याने मला उत्तर हातात दिलं होतं. साहेबांनीही तेच दिलं होतं. ते तोंडापर्यंत आलं. समोरच्या कागदावरची ती छापील ओळ मी वाचली. मग मी म्हणालो, “नाही. ही बाई त्या दिवशी आली नव्हती. जी आली होती तिलाही मी ओळखत नव्हतो. न ओळखता सही केली.”

“जी आली होती ती इथे आहे?”

भावाची बायको आतही भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिकडे पाहिलं. बोट करायची गरज पडली नाही. भाऊ ओरडला, “किती घेतले रे हिच्याकडून? काळा कोट घालायच्या आधीच विकला गेला!” अधिकाऱ्यांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. माझा जबाब लिहून घेतला, मला वाचून दाखवला. तो कागद धरून नोंद होणार नाही, असं त्यांनी बहिणीला सांगितलं. तुमचं नाव वारसांत राहील, म्हणाले. ती ‘बरं’ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भिंतीशी उभ्या असलेल्या भावजयीकडे बघून आलं असावं. माझ्याशी त्याचा संबंध नव्हता.

मी बाहेर बहिणीच्या मागे गेलो. माफी मागायची होती. शब्दही जुळवून ठेवले होते. पायरीवर ती थांबली.

“तुमी माझ्याबरोबर नका येऊ,” ती म्हणाली. “आपन दोघं संगट दिसलो तर भाऊ म्हनंल, हिनंच माणूस फोडला.”

“ताई, मला फक्त...”

“आन पोलिसात जायचंय मला. ती पोरगी म्हनली, जा. तिथं तुमचं पन नाव येईल.”

“येऊ द्या.”

“येऊ द्या काय? मला इचारलं की मी सांगनारच हाय. आठवत नाय म्हनले व्हते, ते बी सांगनार.”

ती फाट्याकडे चालू लागली. ती बोलली त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी आवारातच थांबलो. बस येऊन तिला घेऊन गेली, तरी पुढच्या बसपर्यंत थांबलो.

टेबल गेलं. परीक्षा द्यायची आहे. सनद मिळेल का ते माहीत नाही. मिळू नये असंही कधी कधी वाटतं. बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “अशा अजून किती जणी असतील?”

मला माहीत नाही. येऊन जिने विचारलं, ती एवढी एकच.