थोरल्याचं नाव

मटणाच्या दुकानाची फरशी फिनेलने धुतात तेव्हाचा तो वास नाकात गेला, की मला बेंगळूरचं प्राणिसंग्रहालय आठवतं. जांबोटीच्या रानात सगळा जन्म काढलेले आप्पा, म्हणजे माझे मोठे चुलते, माझ्या हट्टापायी तिथं आले होते. हत्ती बघून ते हसले, माकडांपुढं कंटाळले, आणि मग दुपारी आम्ही पट्ट्यांच्या त्या जनावराच्या काचेपुढं आलो. ते आत येरझाऱ्या घालत होतं. मी आनंदानं त्याचं नाव घेऊन ओरडले, तशी आप्पांनी माझं मनगट करकचून धरलं. “नाव घेऊ नको गं! थोरला म्हण. नाव घेतलं की येतोय त्यो.” “आप्पा, मधी काच हाय की,” मी हसत म्हणाले. त्यांनी भर गर्दीत चपला काढल्या आणि हात जोडले. जनावर थांबलं. आप्पांकडं त्यानं बघितलंही नाही, ते माझ्याकडंच बघत राहिलं. “पाठ दावू नको त्येला,” आप्पा हळूच म्हणाले, आणि आम्ही मागं मागं सरकत बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांना जांबोटीला सोडायला गेले, तर गोठ्यात एक दावं रिकामं होतं. “तांबडी गाय काल दुपारपास्नं आली न्हाय,” काकू म्हणाली. आप्पांनी रानाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. आज एवढं सगळं लिहिलं, पण ते नाव काही मी कागदावर येऊ दिलेलं नाही.