पोटातला गोळा

माझी पोरगी तेव्हा आठवीत होती. नवऱ्याला शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही आमचं गाव देवगाव रंगारी सोडून शहरात राहायला आलो. नव्या शाळेत महिना झाला नसंल, तोच पोरगी रोज सकाळी गणवेश घालून उंबऱ्यावर बसायची अन् म्हणायची, "मम्मी, पोटात गोळा येतो."

मी आधी खेकसले. "नाटकं नको करू, रिक्षा थांबलीय!" पण तिचं जेवण सुटलं, तसं माझं धाबं दणाणलं. माझ्या मावशीच्या पोटात गाठ निघाली होती, त्यामुळं गोळा म्हणजे गाठ, हेच डोक्यात बसलेलं. सोनोग्राफी केली. काही नाही! डॉक्टर म्हणाले, "हिला मुलांच्या समुपदेशकाकडं न्या." माझं डोकंच फिरलं. "माझी लेक काय येडी हाय का?" असं त्यांच्या तोंडावर बोलले. आठवलं की अजून लाज वाटते.

शेवटी नेलं. समुपदेशक मॅडम वयानं लहानच होत्या. त्यांनी विचारलं, "गोळा कधी येतो गं?" लेक फरशीकडं बघत बसली. घरी चुरूचुरू बोलणारी, तिथं तीन खेपा नुसती चित्रं काढत राहिली. चौथ्या खेपेला तिनं कागदावर लिहिलं, 'वर्गात बोलायची पाळी आली की.' एकदा वर्गात ती "लई" म्हणाली अन् सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून तिनं शाळेत तोंडच उघडलं नव्हतं. अन् तो "लई" तिला माझ्याकडूनच मिळालेला.

भीती वाटली की पोटात गोळा येतो, हे मी जन्मभर बोलत आले. लेक सरळ मराठीत सांगत होती अन् मी मेली तो गोळा मशीनवर शोधत होते.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "ताई, तुम्हाला काय वाटतं?" सगळ्या गल्लीला जिचा आवाज जातो ती मी, पण माझी दातखीळच बसली. मी बोलले अन् ह्याही हसल्या तर? ओढणीचं टोक पिळत बसले.

तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला. त्या खोलीत पहिल्यांदाच.

"मॅडम, मम्मीच्या पोटात गोळा आलाय."

मला रडूच फुटलं. "व्हय गं माझे बाई," मी म्हणलं, "लई मोठा आलाय."

मॅडम हसल्या नाहीत. पोरगी मात्र खुदकन हसली.