साहेबांमार्फत अर्ज

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्यानंतर काही महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. धाकटी बहीण कॉलेजात, तेव्हा दिल्लीतच भाड्याचं घर बघायचं ठरलं. पेन्शनमध्ये घरखर्च कसाबसा बसत होता, भाडं काही बसत नव्हतं. ते माझ्या पगारातून जायला हवं होतं, आणि माझा पगार तीन वर्षं जागचा हलला नव्हता.

माझी नोकरी नोएडात. परदेशी कारखान्यांच्या यंत्रांचे कागदावरचे जुने नकाशे आम्ही कॉम्प्युटरवर उतरवायचो. देशाचे दरवाजे उघडले आणि नकाशांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायला लागले. आमच्या माना मोडायच्या, पण पगाराचं विचारलं की मॅनेजर म्हणायचे, "मार्केट रेट यही है." ते खरंही होतं. हे काम करणारी ऑफिसं सगळ्या एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपास मिळून, तीनच. एक आमचं, एक रस्त्यापलीकडे, एक पेट्रोल पंपामागे. तिन्हीकडे पगार सारखाच. बाहेर या कामाला कुणी विचारत नव्हतं, म्हणजे आम्ही शिकलो होतो ते या तीन इमारतींपुरतंच.

डिसेंबरात रस्त्यापलीकडच्या ऑफिसची जाहिरात आली. अनुभवी लोक हवेत, पगार चांगला. मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "कर ना अर्ज. पण थ्रू प्रॉपर चॅनेल."

सरकारी घरात न वाढलेल्यांना हे सांगायला हवं. सरकारी नोकराला दुसरीकडे अर्ज करायचा असेल तर तो आपल्या साहेबांमार्फत जातो. साहेब त्यावर 'हरकत नाही' असा शेरा मारतात आणि अर्ज पुढे जातो. परस्पर अर्ज करणं म्हणजे चोरी. बाबांची सगळी हयात यात गेली, आणि मी त्यांचीच मुलगी. प्रायव्हेट कंपनीत असं कुणी करत नाही हे आम्हाला दोघांनाही सुचलं नाही, यावर आज कुणाचा विश्वास बसत नाही. बाबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला, वर ठळक अक्षरांत 'थ्रू प्रॉपर चॅनेल' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मॅनेजरनी अर्ज दोनदा वाचला. हसले. "अच्छा," म्हणाले आणि खणात ठेवला.

त्यांच्या हसण्यात काय होतं ते मला जागेवर येऊन बसेपर्यंत कळलं नाही. नोकरी सोडायला बघते आहे हे मी स्वतःच लिहून दिलं होतं. पुढचे आठ दिवस इंटरकॉम वाजला की मी काम सोडून मॅनेजरच्या दाराकडे बघायची. डबा तसाच परत न्यायला लागले. आई म्हणायची, भाजी आवडली नाही का. बाबा रोज विचारायचे, "फॉरवर्ड झाला का गं?" आणि मी म्हणायची, "वेळ लागतो हो बाबा." त्यांना ते पटायचं. नोकरी गेली तर क्वार्टर सुटल्यावर आम्ही जायचं कुठे, हे मी मनातल्या मनात इतक्यांदा विचारलं की त्याला उत्तर असेल असं वाटेनासं झालं.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. मॅनेजरनी बसायला सांगितलं, चहा मागवला. आवाज अजिबात चढवला नाही, त्यानेच मी जास्त घाबरले.

"पिताजी गवर्नमेंट में हैं न?"

"जी."

"अच्छी आदत है. बाकी लोग छुपकर भेजते हैं. आ तो सब यहीं जाता है."

त्यांनी खण उघडला. माझ्या अर्जाखाली आणखी अर्ज होते. त्यांतल्या पहिल्यावर पेट्रोल पंपामागच्या ऑफिसचा पोच शिक्का होता आणि अक्षर मी ओळखलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं. नकाशांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या तीच लिहायची.

"हम तीनों में तय है," मॅनेजर म्हणाले. "एक-दूसरे का आदमी नहीं लेते. ऐड तो बस देखने के लिए होता है, कौन हिल रहा है." चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आप काम कीजिए. आपसे शिकायत नहीं. उससे सोमवार को बात करेंगे, हिसाब कर देंगे. और ये बात इस कमरे में रहे."

मी पगाराचं विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "थँक यू सर." चहा गरम होता, तो तसाच प्यायले आणि टाळू भाजली. नोकरी राहिली होती, पगार तोच, आणि जायला दुसरी जागा नाही हे आता पक्कं ठाऊक झालं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढे आम्ही मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. बाबांना जिन्यात तीनदा थांबावं लागायचं. पण ते नंतरचं.

तो शुक्रवार होता. संध्याकाळी ऑफिसवाल्यांच्या ठरलेल्या चार्टर्ड बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्याशेजारी बसली. मेरठची मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मुनिरक्यात एका खोलीत तिघींबरोबर राहायची. घरचे परत बोलावत होते. पगार वाढला नाही तर जावंच लागेल, असं ती मला आधीच म्हणाली होती. गेली की लग्न.

यमुनेच्या पुलावर बस अडकली. मागच्या बायका स्वेटर विणत होत्या. ती माझ्या कानाशी आली.

"दीदी, किसी को बोलना मत. मैंने पंप के पीछे वालों के यहाँ अप्लाय किया है. दस दिन हो गए."

खणात काय पाहिलं ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शनिवारी सकाळीच मॅनेजरकडे जाऊन ती काहीबाही बोलू शकली असती, माफी मागू शकली असती, निदान त्यांच्याआधी आपणहून राजीनामा देऊ शकली असती. पण मग तिला कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं असतं. मला मार्च दिसत होता. मला भीती वाटत होती, बाकी काहीही नाही. उगाच मोठी कारणं कशाला सांगू?

"बुलाएँगे न, दीदी?"

"बुलाएँगे," मी म्हणाले.

तिचा चेहरा खुलला. माझा उतरलेला चेहरा बघून तिला वाटलं, मला बस लागते आहे. ती उठली आणि तिने मला खिडकीची जागा दिली. मी सरकून बसले.